एका घराची तीन दप्तरं

३१ मार्च १९६८, रविवारची रात्र. नऊ वाजता अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलणार होते. ओव्हल ऑफिसात कॅमेरे लागलेले, तंत्रज्ञांची लगबग. भाषण सुरू व्हायच्या जरा आधी त्यांच्या पत्नी लेडी बर्ड टेबलाजवळ गेल्या आणि हलक्या आवाजात एवढंच म्हणाल्या, ‘लय आणि नाट्य, लक्षात ठेवा.’ मग बाजूला झाल्या. उत्तर व्हिएतनामच्या बहुतेक भागावरची बॉम्बफेक थांबवत असल्याचं जॉन्सन यांनी त्या भाषणात सांगितलं. आणि अगदी शेवटी, आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, पक्षाने उमेदवारी देऊ केली तरी घेणार नाही, असं जाहीर केलं. देश अवाक झाला.

‘लय आणि नाट्य’ हे शब्द आपल्यापर्यंत आले ते लेडी बर्ड यांच्या रोजनिशीमुळे. नुसते वाचले तर नवऱ्याला आयत्या वेळी दिलेला धीर वाटतो. पहिल्यांदा मलाही तेवढंच वाटलं होतं. पुढे त्याच घरातलं, चार वर्षं आधीचं एक फोनवरचं बोलणं ऐकलं आणि त्या दोन शब्दांचा अर्थच बदलला. रोजनिशी एकीकडे, फोनच्या फिती दुसरीकडे. दोन्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एकाच ग्रंथालयात, जॉन्सन यांच्या नावाच्या, पण वेगवेगळ्या खोक्यांत, वेगवेगळ्या अटींखाली ठेवलेल्या. त्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर काय दिसतं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

बोलकी रोजनिशी

लेडी बर्ड यांचं खरं नाव क्लॉडिया आल्टा टेलर. जन्म १९१२, टेक्सासमधल्या कार्नाक या छोट्या गावचा. टेक्सास विद्यापीठातून त्यांनी आधी इतिहासाची आणि मग पत्रकारितेची पदवी घेतली होती. हे दुसरं शिक्षण त्यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत उरकलं जातं, पण रोजनिशी समजून घ्यायची तर तेच महत्त्वाचं.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. जॉन्सन तेव्हा उपाध्यक्ष होते. जॉन्सन दांपत्य त्याच ताफ्यात, मागच्या गाडीत होतं. आठ दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, लेडी बर्ड टेपरेकॉर्डर घेऊन बसल्या आणि तो दिवस सांगायला लागल्या. पुढचे दोन दिवस वेळ मिळेल तसं सांगत राहिल्या. सकाळची रिमझिम, नंतर पडलेलं लख्ख ऊन, रस्त्याकडेची हसरी माणसं, मग आवाज. इस्पितळाच्या दाराशी गाडी थांबल्यावर त्यांनी वळून पाहिलं तर अध्यक्षांच्या गाडीत मागच्या सीटवर गुलाबी रंगाचं काहीतरी फुलांच्या राशीसारखं पडलेलं दिसलं. ती जॅकलिन केनेडी होती, नवऱ्याच्या देहावर ओणवी झालेली.

घरात बसून केलेलं हे ध्वनिमुद्रण थोड्याच महिन्यांत साक्षीचा कागद झालं. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने लेडी बर्डना निवेदन मागितलं, तेव्हा जुलै १९६४ मध्ये त्यांनी या फितीचाच उतारा पाठवला. सोबतच्या पत्रात हे बोलणं आपण केव्हापासून आणि कसं मुद्रित केलं तेही स्पष्ट लिहिलं. पत्रकारितेचा वर्ग इथे कामी आला.

त्यानंतर जानेवारी १९६९ अखेरपर्यंत त्या बोलत राहिल्या. एकूण सुमारे १२३ तास. पद्धत साधी होती. दिवसाची कार्यक्रमपत्रिका, पाहुण्यांची यादी, भाषणाचा कागद, कात्रणं असं सगळं एका लिफाफ्यात जायचं. सवड झाली की लिफाफा उघडून त्या दिवसाबद्दल बोलायचं. सवड काही वेळा लगेच मिळे, काही वेळा बऱ्याच दिवसांनी. म्हणून त्यांच्या रोजनिशीत ‘आज’ असा शब्द आला की मी थोडा सावध होतो. तो ‘आज’ लिफाफ्यातून निघालेला असतो. रोजनिशी खोटी आहे असं मुळीच नाही, पण ती आठवणीने गाळून घेतलेली आहे, आणि गाळणारी बाई इतिहासाची पदवीधर आहे. आपलं बोलणं पुढे कोणीतरी ऐकणार आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. १९७० मध्ये त्यातला निवडक भाग त्यांनी स्वतःच पुस्तकरूपाने काढला, तोही आठशेच्या आसपास पानांचा झाला. २००७ मध्ये त्या वारल्या आणि त्यानंतर मूळ आवाज टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुला होत गेला.

गुपचूप भरलेले पट्टे

दुसरं दप्तर नवऱ्याचं. जॉन्सन अध्यक्ष झाल्या झाल्या फोनवरची बोलणी मुद्रित करायला लागले आणि जाईपर्यंत करत राहिले. सुमारे ६४० तास, नऊ हजारांहून जास्त संभाषणं. यातली बहुतेक डिक्टाबेल्टवर आहेत. कार्यालयात पत्रं सांगण्यासाठी वापरात असलेलं हे यंत्र. प्लॅस्टिकचा पातळ पट्टा दोन रुळांवर फिरतो आणि सुई त्यावर खोबण उठवते. एका पट्ट्यावर साधारण १५ मिनिटं मावतात. साठवताना पट्टे चपटे केले की घड्या पडतात, मग ऐकताना दर फेरीला ठक् ठक् येतं. जॉन्सन यांच्या फिती ऐकणाऱ्याला त्या ठकठकीची सवय करून घ्यावी लागते. मुद्रण सुरू करायचं असलं की अध्यक्ष बोट हवेत गोल फिरवत आणि सेक्रेटरी बटण दाबे. समोरच्याला सहसा कल्पना नसे.

जॉन्सन २२ जानेवारी १९७३ ला गेले. त्याच महिन्यात त्यांच्या विश्वासू सहायक मिल्ड्रेड स्टीगल यांनी सीलबंद खोकी ग्रंथालयाचे संचालक हॅरी मिडलटन यांच्या हवाली केली. सोबत निरोप असा, की अध्यक्षांच्या इच्छेनुसार ही पन्नास वर्षं उघडायची नाहीत. म्हणजे २०२३ पर्यंत.

इथे अभिलेखपालाची खरी कसोटी होती. मृताची इच्छा एका पारड्यात. दुसऱ्यात प्लॅस्टिकचे पट्टे, जे पन्नास वर्षांनी वाजतील याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हतं. त्यात १९९२ मध्ये केनेडी-हत्येसंबंधीची सगळी कागदपत्रं खुली करणारा कायदा आला आणि काही फिती तशाही उघडाव्या लागणार होत्या. मिडलटन यांनी मुदत मोडायची ठरवलं. लेडी बर्ड यांची संमती होती, आणि १९९३ पासून फिती बाहेर येऊ लागल्या. माझ्या मते मिडलटन यांनी योग्य केलं. इच्छापत्र पाळण्याच्या नादात वारसाच कुजवणं हे कसलं पालन? पण नऊ हजार संभाषणांत दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसांना कोणी विचारलं होतं, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यांच्यात लेडी बर्डही होत्याच.

अध्यक्षाची कागदपत्रं ही त्या काळी त्याची खासगी मालमत्ता समजली जात, म्हणून तर अशा अटी घालता आल्या. जॉन्सन यांच्यानंतरचे अध्यक्ष निक्सन यांच्या फितींचं महाभारत घडल्यानंतर, १९७८ च्या कायद्याने, पुढच्या अध्यक्षांची सरकारी दप्तरं देशाच्या मालकीची झाली.

तिसरं दप्तर मुकं

अध्यक्षाची ‘डेली डायरी’ त्यांच्या सेक्रेटरी ठेवत. किती वाजता उठले, कोणाला फोन केला, कोण भेटलं, कुठे गेले, केव्हा परतले. आपल्याकडच्या पेशव्यांच्या रोजकीर्दी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ही जात ओळखीची वाटेल. शालजोडी कोणाला दिली ते मिळतं, देताना चेहरा कसा होता ते मिळत नाही. तरी या कोरड्या नोंदीवाचून इतर दोन दप्तरांना तारीख-वार लागत नाहीत. रोजनिशीतला ‘सकाळी’ म्हणजे नेमकं केव्हा, हे इथे सापडतं.

बी प्लस

आता तो फोन. ७ मार्च १९६४. जॉन्सन यांची त्या दिवशी दूरचित्रवाणीवर दाखवलेली पत्रकार परिषद झाली आणि त्याच दुपारी लेडी बर्ड यांचा फोन आला. मिनिटभर माझं परीक्षण ऐकता, की रात्री घरी सांगू, असं त्यांनी विचारलं. जगातला सगळ्यांत ताकदवान माणूस उत्तरला, ‘हो बाई, आत्ताच ऐकतो.’

मग जे येतं ते एखाद्या कसलेल्या तालीम-मास्तरचं बोलणं आहे. दिसलात छान, जवळून घेतलेली दृश्यं लांबच्यांपेक्षा चांगली. सुरुवातीला धाप लागल्यासारखं झालं. खाली कागदात फार पाहिलंत. बोलणं जरा जास्तच भरभर, लय पुरेशी बदलली नाही. वाक्याच्या शेवटी आवाज पडतो. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मात्र नाट्य आणि रंगत एकदम वाढली, आवाजही सुधारला, चेहराही. एकूण चांगला बी प्लस.

लय आणि नाट्य. दोन्ही शब्द इथे आहेत, चार वर्षं आधी. म्हणजे १९६८ च्या त्या रात्री टेबलापाशी त्या धीर द्यायला गेल्याच नव्हत्या. जुन्या शिकवणीतला नेमका धडा त्यांनी दोन शब्दांत आठवून दिला होता, आणि नवऱ्याला तो उलगडून सांगायची गरज नव्हती. एकट्या रोजनिशीतून हे कळत नाही, कारण रोजनिशीत त्या स्वतःला गुण देणारी बाई म्हणून फारशा उभ्या करत नाहीत. एकट्या फोनमधूनही कळत नाही. तिथे ते एका दुपारचं गमतीशीर बोलणं राहतं. दोन्ही जोडले की सवय दिसते, आणि संसार सवयींचाच असतो.

याच फितींत १५ ऑक्टोबर १९६४ चं एक संभाषण आहे. जॉन्सन यांचे अनेक वर्षांचे सहकारी वॉल्टर जेंकिन्स यांना अटक झाल्याची बातमी निवडणुकीच्या तोंडावर फुटली होती. समलिंगी संबंधांचा आरोप, त्या काळात सरळ कारकीर्द संपवणारा. जॉन्सन न्यूयॉर्कमध्ये, वकील सांगतात लांब राहा. लेडी बर्ड फोनवर शांतपणे म्हणतात की आपण त्याला आधार दिला नाही, तर आजवर आपल्याबरोबर असलेल्या सगळ्यांचं प्रेम गमावू. कुटुंबाच्या रेडिओ-टीव्ही केंद्रात त्याला नोकरी देऊ असंही सुचवतात. नवरा टाळाटाळ करतो. त्या ऐकून घेतात, आणि शेवटी स्वतःच्या नावाने जाहीर निवेदन काढतात. हळूहळू, टेक्सासच्या लांबवलेल्या स्वरांत, आवाज न चढवता. छापील उताऱ्यात हा हट्ट अर्धाच उरतो.

पँटी

फिती आणि रोजनिशी यांच्यातला फरक जास्त चांगला दाखवणारं उदाहरण खरं तर हास्यास्पद आहे. ९ ऑगस्ट १९६४ ला जॉन्सन यांनी हॅगर या कपड्यांच्या कंपनीच्या जो हॅगर यांना फोन लावला. उन्हाळ्यासाठी सहाएक पँटी हव्या होत्या. कमरेला थोडी माया ठेवा, माझं वजन महिन्यात दहा-पंधरा पौंड खालीवर होतं. खिसे खोल करा, बसलं की चाकू आणि सुटे पैसे घरंगळतात. आणि दोन पायांच्या मधली शिवण, तिथे तर काटेरी तारेच्या कुंपणावर बसल्यासारखं होतं, तिथे कापड सोडा. मध्येच एक खणखणीत ढेकर.

तारीख पुन्हा पाहा. व्हिएतनाममध्ये हवं ते करण्याची मोकळीक अध्यक्षाला देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव ७ ऑगस्टला अमेरिकी संसदेत मंजूर झाला होता. त्यावर जॉन्सन यांची सही झाली १० ऑगस्टला. मधल्या दिवशी हा फोन. लेडी बर्ड यांनी असल्या मापांची उठाठेव रोजनिशीत केली असती असं मला वाटत नाही. त्यांच्या लिफाफ्यात तशी चिठ्ठी गेलीच नसती. चोरून केलेल्या मुद्रणात मात्र निवड नसते. युद्धाचा ठराव आणि पँटीची शिवण एकाच यंत्रातून, एकाच ठकठकीवर येतात.

म्हणून चोरून मुद्रित केलेलं तेच खरं, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मला पटत नाही. फोनवर जॉन्सन दर माणसाशी वेगळे होतात, खुशामत, दटावणी, रडगाणं, सगळं मापून. बोट फिरवणारा तो स्वतः होता. यंत्र चालू आहे हे त्याला माहीत होतं. बायको रोजनिशीत सावध होती, नवरा फोनवर अभिनेता होता.

चार वर्षं आधीचं पत्र

३१ मार्चच्या निर्णयाचं मूळ एका कागदात आहे. मे १९६४ मध्ये, अजून निवडणूक व्हायची होती तेव्हाच, जॉन्सन लढू की नको अशा घालमेलीत होते. १९५५ मध्ये त्यांना मोठा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. लेडी बर्ड यांनी दोन डॉक्टर-मित्रांशी बोलून नवऱ्यासाठी लांबलचक पत्र लिहिलं. दोन्ही बाजू मांडल्या आणि लढा असं सुचवलं. जिंकलात तर तीन वर्षं आणि तीन-चार महिने जमेल तेवढं चांगलं काम करू. आणि देवाने तेवढं आयुष्य दिलं तर १९६८ च्या फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये, पुन्हा उमेदवार नाही, असं जाहीर करा. तेव्हा तुम्ही ५९ वर्षांचे असाल.

महिनासुद्धा चुकला नाही. व्हिएतनाम, टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणातले हल्ले, पक्षातले प्रतिस्पर्धी अशी ३१ मार्चची सांगितली जाणारी कारणं खोटी ठरत नाहीत. पण माजघरात या निर्णयाचं टाचण चार वर्षं पडून होतं, हे राजकीय इतिहासांच्या पानावर उशिरा आलं. पूर्ण दुसरी मुदत मिळाली असती तर ती २० जानेवारी १९७३ ला संपली असती. जॉन्सन वारले ते त्यानंतर दोन दिवसांनी.

तो रविवार

पहाटे थोरली मुलगी लिंडा कॅलिफोर्नियाहून रात्रीच्या विमानाने परत येत होती. नवरा चार्ल्स रॉब, मरीन सैन्यातला अधिकारी, व्हिएतनामला निघाला होता. ती त्याला निरोप देऊन आली होती, आणि गरोदर होती. सातच्या सुमारास आई-वडील तिला घ्यायला खाली उतरले. थकलेल्या, रडवेल्या मुलीने विचारलं, की ज्यांना आपलं संरक्षणही नको आहे त्यांच्यासाठी माझ्या नवऱ्याने का लढायचं, कदाचित का मरायचं? वडिलांकडे उत्तर नव्हतं. रोजनिशीत लेडी बर्ड म्हणतात की नवऱ्याच्या डोळ्यांत इतकी वेदना त्याची आई गेली त्यानंतर कधी पाहिली नव्हती.

त्याच सकाळी जॉन्सन धाकट्या मुलीबरोबर, लुसीबरोबर, चर्चला गेले. तिथून उपाध्यक्ष हंफ्री यांच्या घरी, भाषणाचा शेवट दाखवायला. डेली डायरीत हे जाणं-येणं आहे. मुलीचा प्रश्न तिथे नाही. तसा रकानाच नाही.

रात्री नऊला ते दोन शब्द.

स्वयंपाकघर

तीन दप्तरं असूनही या घरातली एक व्यक्ती जवळजवळ गप्प आहे. झेफर राईट १९४२ पासून जॉन्सन यांच्याकडे स्वयंपाक करत. कृष्णवर्णीय. टेक्सास ते वॉशिंग्टन मोटारीने जाताना वाटेत त्यांना स्वच्छतागृह वापरू देत नसत, हॉटेलात खोली मिळत नसे. शेवटी गाडीने येणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं. नागरी हक्कांचा कायदा मंजूर करून घेताना जॉन्सन ही हकिगत इतरांना सांगत, आणि २ जुलै १९६४ ला सही केल्यावर एक पेन त्यांनी राईट यांनाही दिलं. तरी हे बरंचसं मालकाच्या तोंडून आलेलं. राईट यांचं स्वतःचं बोलणं ग्रंथालयाच्या मौखिक इतिहासाच्या मुलाखतींत आहे, आणि ते नंतर, मुद्दाम बसून घ्यावं लागलं. फोनवर बोलायला किंवा लिफाफा भरायला त्यांच्यापाशी ना यंत्र होतं ना सवड. ऐकणाऱ्याने ती मुलाखत चौथं दप्तर म्हणून शेजारी ठेवायला हवी.

२० जानेवारी १९६९ ची नोंद

त्या दिवशी निक्सन यांचा शपथविधी झाला आणि जॉन्सन कुटुंब टेक्सासच्या रँचवर परतलं. रात्री अंथरुणावर पडताना लेडी बर्ड यांच्या मनात कवितेची एक ओळ घोळत राहिली: सुटकेचा आनंद साजरा करायला मौनाचे तंबू आणि शांततेची छावणी शोधणारी. भारतातल्या प्रेमकवितांच्या एका संग्रहातली असावी, असं त्या टेपवर सांगतात. संग्रह खराच आहे. तो लॉरेन्स होप या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या, ब्रिटिश हिंदुस्थानात आयुष्य काढलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीचा. ओळ सांगून झाल्यावर लेडी बर्ड लगेच ती दुरुस्त करतात. निरोपाला ही ओळ आपल्याला नीट बसत नाही, म्हणतात, कारण या पाच वर्षांतला जवळजवळ प्रत्येक दिवस मला आवडला.